घाट खुला झाला; गोठ्याचे काय?

मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या कवेत दौंड तालुक्यातील राहू आणि त्याच्या आसपासची गावे वसलेली आहेत. दोहों बाजूंना नदीचे पाणी, म्हणून या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका. काळी कसदार जमीन, दृष्टी पोहोचेल तेथवर ऊस आणि उसाच्या फडांमधून वर चढणारा गुऱ्हाळांचा धूर, हे या भागाचे आजचे चित्र. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पोळा श्रावणी अमावास्येला होतो. दक्षिणेकडील जिल्ह्यांत आषाढात बेंदूर येतो. पुणे जिल्ह्याच्या या अंगाला मात्र अनेक गावांत भाद्रपदी पोळ्याची रीत आहे. त्या संध्याकाळी वेशीतून मिरवणूक निघते. पुढे वाजंत्री, मागे गुलालाने माखलेले तरुण आणि त्यांच्या मागे, पूर्वी जेथे बैलांची रांग असे तेथे, झेंडूच्या माळा ल्यालेले ट्रॅक्टर. मध्ये कोठे तरी शिंगे रंगवलेल्या दोन-चार जोड्या. ज्यांच्या गोठ्यात बैलच उरला नाही, ती घरे कुंभाराकडून मातीची जोडी आणतात, पाटावर ठेवतात आणि तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात.

ट्रॅक्टरला हार घातला म्हणून शहरातील कोणी हसले, तर ते त्याचे अज्ञान समजावे. ज्याच्या कष्टावर घर चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, हा संस्कार त्या हारामागे आहे. विजयादशमीला कारखान्यातील यंत्राला, छापखान्यातील मुद्रणयंत्राला आणि आता संगणकालाही फूल वाहणारा समाज तो हाच. प्रश्न ट्रॅक्टरचा नाहीच. प्रश्न आहे तो त्या रांगेतून गळालेल्या बैलाचा; आणि ज्या दशकात तो झपाट्याने गळत होता त्याच दशकात त्याच्या नावाने लढल्या गेलेल्या आणि सरतेशेवटी जिंकल्या गेलेल्या एका मोठ्या लढाईचा.

त्या लढाईचा आरंभ दिल्लीत झाला. ११ जुलै २०११ रोजी केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता वा लोकांपुढे नाचवता येत नाही, त्यांच्या यादीत तोवर अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. त्या यादीत बैलाची भर पडली. जयराम रमेश तेव्हा पर्यावरणमंत्री होते. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळात फेरबदल होऊन त्यांचे खाते बदलले. मंत्री गेले, शब्द राहिला. त्या एका शब्दाने खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर आणि मावळ तालुक्यांतील कित्येक गावांचे घाट बेकायदेशीर ठरवले.

कायद्याच्या भाषेत ही एक तांत्रिक दुरुस्ती होती. पण ती करणाऱ्याच्या मनात बैलाविषयी कोणती कल्पना होती, हे त्या यादीवरून लख्ख दिसते. वाघ आणि सिंह हे रानातून पकडून पिंजऱ्यात घातलेले, माणसाचे वैरी. त्यांना चाबकाच्या धाकाने नाचवणे ही क्रूरताच. बैल त्यांच्या पंक्तीला कसा बसला? जो ज्या घरात जन्मतो त्याच घराच्या दावणीला वाढतो, ज्याला नाव असते, ज्याच्या आजारपणात घरातील माणूस रात्रभर गोठ्यात बसून राहतो, तो सर्कशीतला प्राणी आहे असे ज्यांना वाटू शकले त्यांनी बैल पाहिला होता तो चित्रफितीत. गोठा त्यांनी पाहिलेला नव्हता.

पुणे जिल्ह्यातील बैलगाडा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. चढाच्या धावपट्टीला येथे घाट म्हणतात. हलक्या लाकडी गाड्याला चार बैल, पुढे स्वारासह धावणारी घोडी. गाड्यावर चाबूक उगारून बसणारा गाडीवान या पद्धतीत नसतो. निशाण पडले की बैल घोडीच्या मागे सुटतात आणि काही सेकंदांत बारी संपते. एवढ्या सेकंदांसाठी माणसे मैलोन्‌मैल चालत येत, कारण शर्यत हे निमित्त असे. शर्यत ग्रामदैवताच्या यात्रेत असे. यात्रेला सासरी गेलेल्या लेकी येत, पुण्या-मुंबईतील चाकरमानी येत, रुसलेले भाऊ एका पंक्तीला बसत. गावच्या वर्षाला त्या दिवशी गाठ बसत असे. राज्याच्या कायद्याने पुढे या खेळाची व्याख्या करताना बैलगाडा, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही नावे नोंदली, हे योग्यच झाले. पश्चिम महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत हे एकच नाते निरनिराळ्या नावांनी नांदत आलेले आहे.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोन्हींवर बंदीची मोहोर उठवली. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने दिलेल्या त्या निर्णयात एक गोष्ट विशेष आहे. प्राणिमात्राच्या सन्मानाचा विचार मांडताना न्यायालयाने ईशोपनिषदाचा आधार घेतला. ज्या परंपरेने चराचरात ईश्वर पाहिला, तिच्याच वचनाच्या आधारे त्या परंपरेतील एका खेळावर बंदी आली! यात न्यायालयाचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण उपनिषदाचा उतारा ग्रंथालयात मिळतो. त्या विचाराचे जे रोजचे रूप झाले, म्हणजे पोळ्याच्या आदल्या रात्री बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळणारा शेतकऱ्याचा हात, ते कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाही. जनावराच्या खांद्याला जुवाने पडलेल्या घट्ट्यांची क्षमा मागणारा हा विधी आहे. आवतणही त्याला आदल्या दिवशीच दिले जाते, घरच्या पाहुण्याला द्यावे तसे. प्राण्यांच्या हक्कांची सनद लिहिणाऱ्या देशांपैकी किती देशांत जनावराला जेवणाचे आमंत्रण देण्याची रीत आहे?

पुढील घटनाक्रम वाचकांना आठवत असेल. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सवलतीची अधिसूचना काढली आणि काही दिवसांतच न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचा सागर लोटला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा केला, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना हंगामी मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. अखेर १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. एखादा खेळ हा एखाद्या समाजाच्या संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे की नाही, याचा निवाडा करण्यासाठी धार्मिक, सामाजिक आणि सांस्कृतिक अंगांनी सखोल चिकित्सा लागते. ती न्यायालयाने करावयाची नसून विधिमंडळाचे मत मान्य करावयाचे, असा या निर्णयाचा आशय आहे. गावोगाव गुलाल उधळला गेला. सर्व पक्षांनी श्रेय घेतले, ही आपल्या सार्वजनिक जीवनातील एक विरळा एकवाक्यता म्हणावयाची!

विरोधकांचे सारेच म्हणणे खोटे होते काय? नव्हते. शेपटी पिरगाळणे, टोचणी लावणे, प्रसंगी विजेचा झटका देणे असले प्रकार काही ठिकाणी घडत होते आणि ते करणारे कोणी परदेशी नव्हते. ज्याने ते केले त्याने आपल्याच देवाच्या यात्रेत आपल्याच नंदीला छळले. त्याची बाजू घेण्याचे कारण नाही. २०१७ च्या कायद्याने अशा छळासाठी ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली, धावपट्टीला १००० मीटरची मर्यादा घातली, पशुवैद्यकाची तपासणी आवश्यक केली. हा मार्ग पहिल्याच दिवशी उपलब्ध होता. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेतच : दिवसाला ९ तासांहून अधिक काम देऊ नये, ३७ अंशांहून अधिक तापमान असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपू नये, अमुक वजनाहून अधिक भार लादू नये. साखर कारखान्याच्या वाटेवर, डांबरी रस्त्याने, उसाची गाडी ओढणारा बैल ज्याने पाहिला आहे त्याला या नियमांचे पालन कसे होते हे निराळे सांगावयास नको. काही प्राणिमित्र संस्था कारखान्यांवरील बैलांसाठी प्रत्यक्ष काम करतात, त्यांना धन्यवादच दिले पाहिजेत. परंतु कायद्याने उसाच्या गाडीचे नियमन केले आणि देवाच्या यात्रेतील काही सेकंदांच्या धावेवर थेट बंदी घातली, यातील विसंगती त्या दहा वर्षांत शेतकऱ्याला कोणीही समजावून देऊ शकले नाही. ऊस बाजारपेठेला लागतो, यात्रा फक्त गावाला लागते, हे त्याने स्वतःच ताडले.

ज्या पाश्चात्त्य देशांकडे पाहून आपल्याकडील प्रागतिक मंडळी प्राणिदयेचे धडे घेतात, ते देश अशा वेळी काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. इटलीतील सिएना नगरात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी घोड्यांची शर्यत होते. तिला पालियो म्हणतात. नगराच्या १७ वाड्यांपैकी प्रत्येक वेळी १० वाड्यांचे घोडे धावतात. शर्यतीपूर्वी घोड्याला वाड्याच्या चर्चमध्ये नेतात आणि धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतो. माणूस प्रथम त्या वाड्याचा, मग सिएनाचा आणि मग इटलीचा. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला तरी तोच जिंकतो, कारण मान घोड्याचा आहे. आपल्या घाटावरील गाड्याशी हे किती जुळते! तेथेही घोडे जखमी होतात, तेथेही विरोधक आहेत. म्हणून घोड्यांची वैद्यकीय तपासणी कडक झाली. पालियो बंद पडला नाही.

स्पेनमध्ये तर बैलाला रिंगणात ठार मारतात. त्याची आणि आपल्या शर्यतीची तुलनाच नाही. आपला बैल घरी परततो आणि पुरणपोळी खातो. तरीही तेथील कथा बोधप्रद आहे. जुलै २०१० मध्ये कातालोनिया प्रांताच्या विधिमंडळाने हा खेळ बंद केला. कारण प्राणिदया, असे सांगण्यात आले. पण त्याच विधिमंडळाने अवघ्या दोन महिन्यांत, बैलाच्या शिंगांना जळते पलिते बांधून त्याला गल्ल्यांतून पळवण्याच्या स्थानिक प्रथेला मात्र कायद्याचे संरक्षण दिले. पहिला खेळ माद्रिदचा, म्हणून परका. दुसरा आपल्या गावचा, म्हणून आपला! २०१६ मध्ये स्पेनच्या घटना न्यायालयाने ती बंदीही रद्द केली. फ्रान्सचा दंडविधान तर आणखी स्पष्ट बोलतो : जेथे या खेळाची स्थानिक परंपरा अखंड चालत आली आहे तेथे तो चालेल, अन्यत्र तो गुन्हा, आणि तेथील घटना परिषदेने २०१२ मध्ये हे ग्राह्य धरले. तात्पर्य, प्रत्येक समाज आपल्या जनावराकडे आपल्या डोळ्यांनी पाहतो आणि तसे पाहण्याचा हक्क सहजी सोडत नाही. आपल्याकडेच असा हक्क मागितला की तो मागासलेपणा ठरतो.

येथवर लिहिलेले वाचून कार्यकर्त्यांना समाधान वाटेल. पण खरा विषय यापुढे आहे.

संस्कृती संस्कृती म्हणून ज्याचा आपण उच्चार करतो ती व्यासपीठावर नसते. ती दिवसाच्या कामात असते, आणि म्हणून शब्दांतही असते. सूर्य किती वर आला हे सांगताना जुना माणूस 'कासराभर दिवस वर आला' म्हणतो. बैलाच्या कासऱ्याने त्याने आकाश मोजले. शेतकरी केवढा, हे विचारताना एकर विचारत नसत, किती बैलांचा कुणबी असे विचारत. उधळलेल्या पोराला वेसण घालत, जबाबदारीचे जू मानेवर घेत, दुःखात शेजाऱ्याला खांदा देत. मराठी माणसाच्या जिभेवरून बैल वजा केला तर त्याला आपले सुखदुःख सांगण्यासाठी अर्धे शब्द उसने आणावे लागतील.

राहू बेटातील म्हाताऱ्यांना विचारावे. विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून उतरत, नाडा-सोंदूर ताणले जात, थारोळ्यात पाणी कोसळे आणि मोटकऱ्याच्या गाण्याच्या लयीत रान भिजे. पहाटेचा प्रहर मोटेच्या आवाजाने कळे. पुढे तेलावरचे इंजिन आले, मग विजेचा पंप आला, मोट गेली आणि तिच्याबरोबर गाणेही गेले, कारण पंपाला गाण्याची गरज नसते. गुऱ्हाळावर चरकाभोवती बैल फिरत. फिरणाऱ्या बैलामागे घरातले पोर असे. ते पोर तेथेच काहिलीखालचा जाळ, पाकाचा रंग आणि गुळव्याच्या हाताची युक्ती शिके. चरक यंत्रावर गेला. आज येथील अनेक गुऱ्हाळांवर गुळव्या उत्तर प्रदेशातून येतो. तो परका नव्हे. त्याच्या गावीही दिवाळीत गोवर्धनाची पूजा होते आणि गुळाची पारख त्यालाही बापानेच दिलेली असते. खंत एवढीच की राहूच्या पोराला ती पारख देणारा राहिला नाही.

आणि इर्जिक? एखाद्याच्या घरी आजारपण आले, पेरणी अडली, की गावातील औते त्याच्या रानात उतरत. दहा-दहा जोड्या एका दिवसात रान उलथून टाकत. ज्याचे रान त्याने जेवण द्यायचे, मजुरी कोणी मागत नसे. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी मिळून जोडी जुळवत आणि आळीपाळीने दोघांची शेते नांगरत. त्या दोघांत भांडण परवडण्यासारखे नसे, कारण एकाचा अर्धा नांगर दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलेला असे. समरसतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करावा. ती निर्दोष होती असे नाही. जातीची वेस इर्जिकीलाही होती आणि भूमिहीनाला त्यात केवळ राबणे होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण ट्रॅक्टर तासावर येतो आणि तासाचे पैसे घेतो. दोघांचा बांध एक असला तरी त्यांना आता एकमेकांची गरज उरलेली नाही. बांधावरून होणारे खटले वाढले तर आश्चर्य ते काय?

यंत्र नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. पहाटे तीनला उठून मोट हाकणाऱ्याचे कष्ट शहरात बसून गौरवणे हा ढोंगीपणा आहे. पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला ज्या मुळा-मुठेवर नेत, तीच नदी आज पुणे शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी घेऊन राहू बेटाच्या कडेने वाहते. बैलाच्या छळाविरुद्ध पुण्यात सभा घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांच्या घरातील पाणीच ते. त्या पाण्यात आता बैल घालण्यास शेतकरी धजत नाही. खेड्याच्या संस्कृतीविषयी शहराने काही बोलायचे असेल तर आरंभ तेथून करावा.

दोष मात्र शहराला देऊन मोकळे होता येणार नाही. २०२२ च्या आरंभी घाट खुले झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पिंपरी-चिंचवड परिसरातील एका मोठ्या शर्यतीत बक्षिसे काय होती? जेसीबी यंत्र, मोटार, ट्रॅक्टर आणि दुचाकींची रांग. ज्या ट्रॅक्टरने बैलाला शेतातून घालवले, ज्या यंत्राने बांध आणि विहिरी उकरून काढल्या, तेच बैलाच्या पराक्रमाचे पारितोषिक! यातील विडंबन आयोजकांच्या ध्यानात आले नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्या हजारोंच्याही नाही. दहा वर्षे न्यायालयात सांगितले गेले की हा खेळ नव्हे, ही परंपरा आहे; बैल आमच्या घरातील आहे. परवानगी मिळताच ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या राहिल्या, नेत्यांचे पंचवीस फुटी फलक लागले, आणि बैलाची किंमत लाखांत बोलली जाऊ लागली. ज्याला पाचवीला पुजलेले घर असे, तो आज या मालकाकडून त्या मालकाकडे जातो. जून २०२४ मध्ये बारामती तालुक्यातील निंबुत येथे शर्यतीच्या बैलाच्या व्यवहारातील पैशावरून वाद होऊन गोळी झाडली गेली आणि एका माणसाचा जीव गेला. सर्जा-राजाच्या नावाने पिस्तूल निघावे, ही कोणती संस्कृती? विरोधकांनी न्यायालयात जो आरोप केला होता, की ही केवळ करमणूक आणि जुगार आहे, तो सिद्ध करण्याचा विडाच जणू काही मंडळींनी उचलला आहे.

सगळे घाट असे नाहीत, हेही तितकेच खरे. यात्रेपुरता, भंडारा उधळून, मानाच्या नारळावर आणि फेट्यावर समाधान मानणारा घाट अजून जागोजाग आहे. तेथे गाडामालकाची आई बैलाला ओवाळते आणि हरलेल्या जोडीलाही तेवढाच घास मिळतो. पण वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते जेसीबीचे.

आता आकड्यांकडे वळू. २०१२ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत ३० टक्के घट. ही तीच वर्षे आहेत, ज्यांत शर्यतीचा खटला चालू होता. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोहत्या बंदीचा कायदा बैल आणि वळूपर्यंत विस्तारला गेला. अनेक दशकांची ती मागणी होती, आणि ती पूर्ण झाली याचा आनंद योग्यच होता. पण कायदा बैलाला मरणापासून वाचवू शकतो. त्याला काम देऊ शकत नाही, आणि काम नसलेल्या बैलाला अल्पभूधारकाने किती दिवस पोसावे, याचे उत्तर कायद्यात नाही. कडबा विकत, पेंड विकत, पाणी विकत. काही गोशाळा आपल्या शक्तीबाहेर जाऊन हे ओझे उचलत आहेत. बाकी ठिकाणी रात्री दावे सोडले जाते आणि सकाळी महामार्गावर एक बेवारस गोऱ्हा उभा असतो. त्याला धडकून दुचाकीस्वार पडला की बातमी येते. दावे कोणी सोडले ते गावाला ठाऊक असते. गाव बोलत नाही, कारण उद्याची पाळी आपली हेही गावाला ठाऊक असते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता असा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाची योजना आणली. स्वागतार्हच आहे. पण माता म्हटले की तिची मुले आली. दुसरीकडे २०१४ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून शेतकऱ्याला सवलतीच्या दरात लिंगनिर्धारित रेतमात्रा पुरवल्या जातात. त्यांच्यामुळे दहापैकी नऊ वेळा कालवड जन्मते. दुग्धव्यवसायाच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची आहे, आणि बेवारस गोऱ्ह्यांचा प्रश्न जन्मापूर्वीच सुटतो म्हणून शेतकरीही तिला धन्यवाद देतो. म्हणजे ज्या बैलासाठी घटनापीठापर्यंत जाऊन संस्कृतीची ग्वाही दिली, तो जन्मालाच येऊ नये यासाठी शासन अनुदान देते आणि समाज ते घेतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांत कोणालाही विरोध दिसत नाही. 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण आपण मुलांना शिकवतो; येथे तर झोप्याचे उद्घाटन वाजतगाजत झाले.

चाकणच्या आणि बेल्ह्याच्या बाजारात अजून बैल येतात. खिलार जोडीच्या पाठीवरून हात फिरवून, दात मोजून सौदा करणारी माणसे अजून आहेत. डोंगरउतारावरच्या लहान तुकड्यांत, भाताच्या खाचरांत, आंतरमशागतीला आजही ट्रॅक्टरपेक्षा बैल सोयीचा आहे. सेंद्रिय गुळाला शहरात चार पैसे अधिक मिळतात. बैलाच्या शेणावर पिकलेल्या आणि त्याच्या चरकावर गाळलेल्या उसाच्या ढेपेला ते मिळणार नाहीत असे थोडेच आहे? शर्यतीच्या एका बक्षिसाच्या किमतीत अशी किती गुऱ्हाळे उभी राहतील, याचा हिशेब आयोजकांनी एकदा मांडावा. शर्यतीत उतरणाऱ्या जोडीने वर्षातून काही दिवस तरी नांगर ओढलेला असावा, अशी अट यात्रा समित्या स्वतःहून घालू शकतात. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. गोरक्षणाचे काम करणाऱ्या मंडळींनी ट्रक अडवण्याइतकाच उत्साह गोऱ्ह्याला खांदा लावण्याचे शिक्षण देण्यात दाखवला, तर शेतकरी दावे सोडणार नाही.

तूर्त राहू बेटात काय चालते? गाय माजावर आली की शेतकरी पशुवैद्यक केंद्रात दूरध्वनी करतो. दुचाकीवर नळकांडे बांधून कर्मचारी येतो, गोठ्याच्या दाराशी थांबतो आणि साधी मात्रा भरायची की कालवडीची, एवढे विचारतो. भिंतीवर घटनापीठाच्या निर्णयानंतर काढलेल्या मिरवणुकीचे छायाचित्र लावलेले असले, तरी शेतकऱ्याचे उत्तर ठरलेले असते.